भिंतींनी सांभाळलेले नियम

काउंटरमागे चार संगणक आणि व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेला सर्व्हर. १९९० च्या दशकात मी ज्या पतसंस्थांसाठी आणि छोट्या सहकारी बँकांसाठी प्रोग्रॅम लिहिले, त्यांच्या शाखा थोड्याफार फरकाने अशाच दिसायच्या. सर्व्हरपासून काउंटरपर्यंत काळी कोॲक्सिअल वायर भिंतीच्या कडेने खिळे ठोकून नेलेली असे. तिच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाचं, बोटाच्या पेराएवढं टोपण. सकाळी झाडलोट करताना त्यातलं एक सैल झालं की चारही संगणक एकदम मुके होत आणि पुण्याला आमच्याकडे फोन येई, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय."

क्लायंट-सर्व्हर पद्धतीची जुनी व्यावसायिक सॉफ्टवेअर वेबवर कशी न्यावीत, हा या पुस्तकाचा विषय. लेखक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. ती वायर त्यांनी पाहिलेली नाही. प्रस्तावना लिहा असं त्यांनी म्हटलं तेव्हा त्या खोलीबद्दल लिहायचं मी लगेच ठरवलं. पुस्तकात भाषा, चौकटी, सर्व्हर यांविषयी हवं ते सगळं आहे. ती खोली मात्र वाचकाला माहीत असायला हवी, कारण जुन्या सॉफ्टवेअरचा अर्धा भाग तिच्यात राहतो.

क्लायंट-सर्व्हर ही कामाची दोन जागी केलेली वाटणी. सर्व्हरवर डेटाबेस, म्हणजे खाती, व्यवहार, ठेवी, कर्जं. क्लायंटवर, कारकुनाच्या समोरच्या संगणकावर, स्क्रीन आणि जवळपास सगळे नियम. त्याआधी आमच्याकडे क्लिपर आणि फॉक्सप्रोची राजवट होती. तिच्यात डेटाची फाइल सामायिक असे, पण ती वाचायचं आणि बदलायचं काम प्रत्येक संगणक आपलं आपण करी. दोघांचा हात एकाच वेळी पडला की इंडेक्स बिघडे आणि रात्री जागून तो पुन्हा बांधावा लागे. डेटाबेस सर्व्हर आला आणि ही जागरणं संपली. पॉवरबिल्डर आणि व्हिज्युअल बेसिक ही दोन्ही १९९१ ची, डेल्फी १९९५ ची, ओरॅकल फॉर्म्सचा वंश त्याहून जुना. बटण माउसने ओढून फॉर्मवर ठेवायचं, त्यावर दोनदा क्लिक करायचं आणि उघडलेल्या चौकटीत नियम लिहायचा. महिन्याचं काम आठवड्यात होऊ लागलं. ते दिवस आठवले की मला आजही उभारी येते. लेजर पोस्टिंग मशीनवर काम केलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत कर्जाचा पूर्ण हिशोब एका स्क्रीनवर उभा राहायचा, आणि तो मी उभा केलेला असायचा.

त्या वेगात नियम बटणांच्या मागे जाऊन बसले. व्याजाचा नियम एका बटणामागे, दंडव्याजाचा दुसऱ्या फॉर्मवरच्या बटणामागे, आणि तोच दंडव्याजाचा नियम किंचित बदलून नोटिशीच्या छपाईत तिसऱ्या ठिकाणी. कुणी विचारलं की संस्थेचा दंडव्याजाचा नियम कुठे लिहिलेला आहे, तर बोट दाखवायला एक जागा नव्हती.

व्हिज्युअल बेसिकची सहावी आणि त्या मालिकेतली शेवटची आवृत्ती १९९८ ची. मायक्रोसॉफ्टने तिला द्यायचा आधार ८ एप्रिल २००८ रोजी थांबवला. फॉक्सप्रोची नववी, तीही शेवटची, आवृत्ती २००४ ची. तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. पण व्हिज्युअल बेसिक ६ चे प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइली आजच्या विंडोजबरोबरही येतात. म्हणून ते चालत राहतात, आणि चालतंय तोवर कशाला हात लावा, असं संचालक मंडळाच्या बैठकीत दरवर्षी कुणीतरी म्हणतं. त्या माणसाला मी चूक म्हणणार नाही. हात लावल्याने काय बिघडू शकतं याचा त्याचा अंदाज बहुधा आम्हा तंत्रज्ञांपेक्षा बरा असतो.

तरी हलवावं लागतंच. मला ते पहिल्यांदा पटलं एसटीत बसून. सॉफ्टवेअरमध्ये एक दुरुस्ती केली की ती शाखेत पोचवायला १.४४ एमबीच्या सात-आठ फ्लॉपी पिशवीत घालून मी निघायची. पोचल्यावर कळायचं की सहावी फ्लॉपी वाचताच येत नाही. मग मुक्काम. पुढे सीडी आल्या, पेनड्राइव्ह आले, पण एका शाखेत नवी आवृत्ती, दुसरीत जुनी आणि मुख्य कार्यालयात दोन्हींची तेरीज जुळत नाही, हे दुखणं तसंच राहिलं. वेबवर दुरुस्ती एका जागी करायची आणि ती सगळ्या शाखांत त्याच क्षणी पोचते. नंतर शाखा एकमेकींना जोडायची निकड आली, ग्राहकाच्या हातात मोबाइल आला, आणि व्हिज्युअल बेसिक येणारी मुलं मिळेनाशी झाली. पण माझ्यापुरतं कारण त्या सहाव्या फ्लॉपीत होतं.

पहिल्यांदा स्थलांतराचं काम अंगावर घेतलं तेव्हा आम्ही त्याकडे भाषांतर म्हणून पाहिलं. एका भाषेतला प्रोग्रॅम दुसरीत लिहायचा. सहा महिन्यांचं वेळापत्रक केलं, लागली दोन वर्षं. प्रोग्रॅम लिहून झाला होता आणि तो बरोबरही होता, पण जुन्या प्रोग्रॅमने कधीच न केलेल्या चुका तो करत होता. त्याचं कारण शोधताना मला हळूहळू उमगलं की संस्थेचे कितीतरी नियम आम्ही कधी लिहिलेच नव्हते. ते शाखेच्या भिंती सांभाळत होत्या.

एका शाखेच्या कारकुनाला दुसऱ्या शाखेची खाती दिसत नसत. हा गोपनीयतेचा चांगला नियम आहे आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये त्याची एक ओळही नव्हती. वायरच तिथपर्यंत जात नव्हती. अकरा शाखांचा डेटा एका ठिकाणी आणला तेव्हा १०१ क्रमांकाची अकरा बचत खाती निघाली, आणि शाखेची अट नसलेल्या आमच्या क्वेरीने त्यातलं पहिलं हाती लागेल ते दाखवलं. हे चाचणीतच लक्षात आलं म्हणून निभावलं.

मुदत ठेव २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर ती रोखीने परत करायची नाही, हा त्या काळच्या आयकर कायद्याच्या २६९-टी कलमातला नियम. आमच्या प्रोग्रॅममध्ये रक्कम तेवढी झाली की 'रोख' हे बटण करडं पडे आणि दाबलं जात नसे. तेवढ्याने नियम पाळला जाई, कारण ठेव परत करायचा दुसरा रस्ताच त्या खोलीत नव्हता. वेबवर स्क्रीन ब्राउझरमध्ये असते आणि ब्राउझर परक्याच्या हातात असतो. बटण करडं असलं तरी तीच विनंती बटणाशिवाय सर्व्हरला पाठवता येते; त्यासाठी फार हुशारीही लागत नाही. म्हणून क्लायंटवरचा प्रत्येक नियम सर्व्हरवर पुन्हा लिहावा लागतो, आणि लिहायला आधी सापडावा लागतो. डेटाबेसचा पासवर्डही असाच. तो प्रत्येक संगणकावर एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उघडा पडलेला असे. शटर आणि कुलूप हीच त्याची सुरक्षा होती.

लॉकची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. आमच्या पद्धतीत एकाने खातं उघडलं की ते दुसऱ्यासाठी बंद होई. कॅशियर बाई खातं उघडं ठेवून चहाला गेल्या तर पलीकडच्या टेबलावरून हाक येई, "अहो, एक हजार चोवीस सोडा जरा!" आणि खातं सुटे. ती हाक आमच्या सॉफ्टवेअरचा भाग होती. वेबवर हाक पोचत नाही. शिवाय वेबचा मूळ करारच असा आहे की प्रत्येक विनंती स्वतंत्र. उत्तर दिलं की सर्व्हर माणसाला विसरतो. ही विसराळू वृत्ती झाकायला १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू मोंटुलीने कुकीची युक्ती काढली, पण कुकी फक्त ओळख पटवते. समोरचा माणूस अजून बसलेला आहे की घरी गेला, हे तिला सांगता येत नाही. तेव्हा लॉक धरून ठेवण्यात अर्थ उरत नाही. त्याऐवजी प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा आकडा द्यायचा, साठवताना तो जुळतो का पाहायचा, आणि नाही जुळला तर सांगायचं की तुम्ही उघडल्यानंतर हे खातं दुसऱ्या कुणीतरी बदललं आहे. तांत्रिक बाजू एवढीच, दोन दिवसांत होते. मग पुढे काय करायचं? पहिल्याचं ठेवायचं, दुसऱ्याचं, की दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं? याचं उत्तर प्रोग्रॅमरने द्यायचं नसतं. आम्ही ते दिलं होतं, आणि वसुली अधिकाऱ्याने फोनवरून घेतलेली जामीनदाराची पत्त्याची दुरुस्ती तीनदा पुसली गेल्यावर मागे घेतलं.

सगळ्यांत मोठी भिंत होती संध्याकाळ. साडेपाचला काउंटर बंद, सहाला किर्द जुळली, साडेसहाला व्यवस्थापक 'डे-एंड'चं बटण दाबत. त्या दरम्यान दुसरं कुणी व्यवहार करणार नाही हे प्रोग्रॅम गृहीत धरून चाले, कारण शटर अर्धं खाली आलेलं असे. दिवस संपतो, आणि तो संपलेला असताना व्याज लागू करता येतं, शिल्लक गोठवता येते, बॅकअप घेता येतो. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास सुरू झालं, १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस. यूपीआय तर २०१६ मध्ये जन्मलं तेच रात्रीही जागं. पैसे रात्री अडीचला खात्यात येऊ लागले तेव्हा ते आजच्या तारखेला धरायचे की कालच्या, डे-एंड चालू असताना आलेले कुठे थांबवायचे, आणि ज्या शिलकेवर व्याज काढायचं ती कोणत्या क्षणाची? शेकडो वर्षांची हिशोबाची पद्धत दिवसाच्या शेवटावर उभी आहे. तो शेवट आता सॉफ्टवेअरमध्ये ठरवून लिहावा लागतो. लेखकांनी या एका प्रश्नाला अख्खं प्रकरण दिलं आहे, आणि मला ते पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

वायरीच्या लांबीचं गणित मात्र सोपं आहे, फक्त कुणीतरी ते कागदावर करायला हवं. इमारतीतल्या वायरीवर सर्व्हरला प्रश्न विचारून उत्तर यायला अर्धा मिलिसेकंद धरा. आमची कर्जखात्याची स्क्रीन उघडताना सर्व्हरला २०० लहान-लहान प्रश्न विचारी. एकूण वेळ सेकंदाचा दहावा भाग. कुणाला जाणवतही नसे. पहिल्या प्रयत्नात आम्ही डेटाबेस तेवढा दूरच्या डेटा सेंटरमध्ये नेला आणि प्रोग्रॅम शाखेतच ठेवला. एका फेरीला ६० मिलिसेकंद लागू लागले. तीच स्क्रीन उघडायला १२ सेकंद! त्यावर उपाय असा की नियमांचा थर डेटाबेसच्या शेजारी नेऊन बसवायचा आणि ब्राउझरने एकदाच मागून एकदाच घ्यायचं. वेबच्या तीन थरांच्या रचनेचं खरं कारण हे अंतर आहे.

आता हातांबद्दल. हा भाग पुस्तकात थोडक्यात आला आहे, म्हणून मी इथे जरा रेंगाळते.

कॅशियर स्क्रीनकडे पाहत नाही. तिचा डावा हात नोटांवर असतो, उजवा आकड्यांच्या कळांवर, डोळे समोरच्या माणसावर. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एंटर दाबलं की पुढच्या रकान्यात जायचं. डॉसच्या काळापासूनची ही सवय आम्ही व्हिज्युअल बेसिकमध्येही मुद्दाम जपली होती. एफ-५ म्हणजे खाते शोध, एफ-१० म्हणजे व्यवहार पक्का. वेबवर गेल्यावर एंटर दाबलं की अर्धवट भरलेला फॉर्म रवाना होऊ लागला. एफ-५ दाबलं की ब्राउझर पान नव्याने आणी आणि भरलेलं सगळं जाई. रक्कम खोडायला बॅकस्पेस दाबलं आणि कर्सर रकान्याबाहेर असला तर ब्राउझर मागच्या पानावर जाई. गूगल क्रोमने ही वागणूक २०१६ मध्ये काढली, पण आमचं काम त्याआधीचं. आम्ही माउसने चालवायच्या सुंदर स्क्रीन केल्या होत्या. त्या दाखवल्यावर एका शाखेतल्या कॅशियर बाईंनी, त्यांची तेव्हा बावीस वर्षं नोकरी झाली होती, फार शांतपणे सांगितलं, "दिसायला छान आहे हो. पण माझं बोट बघतं, मी बघत नाही." दुपारी बाजाराच्या दिवशी त्यांच्यासमोर रांग दाराबाहेर गेली आणि मला तिथे उभं राहवेना.

ती रांग आमची जबाबदारी होती. बोटांत मुरलेलं काम संस्थेच्या मालमत्तेइतकंच खरं असतं. तिथून पुढे मी नियम केला की स्क्रीन आखायच्या आधी प्रोग्रॅमरने काउंटरमागे पूर्ण दिवस बसायचं आणि कळा लिहून घ्यायच्या: कोणती, कितीदा, कशानंतर. ब्राउझरमध्येही एंटरला पुढच्या रकान्यात नेता येतं, एफ-५ अडवता येतं. त्याला थोडा त्रास पडतो एवढंच. तरुण सहकारी म्हणतात की वेबच्या रीतीविरुद्ध जाऊ नये. जे पान अनोळखी माणसं क्वचित उघडतात त्याला ते लागू आहे. दिवसात चारशे व्हाउचर भरणाऱ्या बाईंना वेबची रीत शिकवायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मराठी माणसांच्या डेटाचा एक प्रश्न इंग्रजी पुस्तकांत कधीच भेटत नाही. लेखकांनी त्यावर मन लावून लिहिलंय याचा मला फार आनंद आहे. जुन्या प्रणालींत खातेदारांची नावं देवनागरीत कशी साठवली गेली? ज्यांनी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आणि १९९१ मध्ये मानक म्हणून आलेली इस्की संकेतपद्धती वापरली, त्यांचं बरं झालं. तिथे अक्षर अक्षर म्हणूनच साठवलं जाई. पण विंडोजवर बहुतेकांनी सोपा रस्ता धरला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला फाँट घ्यायचा आणि टाइप करायचं. पडद्यावर आणि पासबुकात नाव सुरेख दिसे. डेटाबेसमध्ये मात्र नाव नव्हतंच, आकारांची रांग होती. अर्धा ग आणि त्याचा उभा दंड वेगळे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून साठवतानाही व्यंजनाच्या आधी. त्यामुळे नावांची यादी वर्णक्रमाने लावली की किसन, दिनकर आणि विठ्ठल एकाशेजारी एक येत, कारण तिघांची सुरुवात वेलांटीनेच! 'ो' काढायला एका टायपिस्टने काना आणि मात्रा वेगवेगळे दिलेले, दुसऱ्याने एक कळ दाबलेली. दोन्ही नावं दिसायला हुबेहूब, संगणकाच्या लेखी दोन माणसं.

वेबला युनिकोड हवं. तेव्हा हे सगळं आकारांतून अक्षरांत आणावं लागतं, आणि त्यासाठी तक्ता करावा लागतो. आम्ही वापरलेला पहिला तक्ता हिंदीच्या हिशोबाने बनलेला होता. मराठीतला तो लफ्फेदार 'ऱ' त्यात नव्हता. एका रात्रीत गावातले सगळे कुऱ्हाडे, वऱ्हाडे आणि गोऱ्हे रफारासकट 'कुर्हाडे', 'वर्हाडे', 'गोर्हे' झाले. एक वृद्ध सभासद पासबुक घेऊन आले आणि म्हणाले, "माझं नाव असं लिहीत नाहीत." त्यांना मी खुर्ची दिली, पासबुकावर हाताने नाव दुरुस्त करून सही केली, आणि संध्याकाळी संपूर्ण तक्ता पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतला. दर्या आणि दऱ्या यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो त्यानेच हे काम करावं.

जुनी नोंद आणि नवी नोंद जुळवण्याचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या प्रमाणावर सातबाऱ्याने पाहिला. संगणकावर आलेले गावोगावचे उतारे ई-फेरफारच्या ऑनलाइन प्रणालीत आणायचे, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे द्यायला सुरुवात झाली, त्याआधी हस्तलिखित उतारा आणि संगणकातला उतारा जुळवायचा होता. त्यासाठी चावडीवाचन झालं. ज्याची जमीन त्याच्या समोर नाव, गट, क्षेत्र मोठ्याने वाचायचं आणि चुकलं असेल तर त्याने सांगायचं. सॉफ्टवेअरच्या जगात आम्ही याला स्वीकृती चाचणी असं जड नाव देतो. चावडीवर ती ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांनीच केली. तलाठ्यांना त्यात काय श्रम पडले हे ज्यांनी जवळून पाहिलं ते विसरणार नाहीत.

दुसरा पेच पैशाच्या पूर्णांकनाचा. नवं सॉफ्टवेअर जुन्याच्या बरोबरीने चालवून रोज दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे, ही समांतर चालवण्याची पद्धत आम्ही तीन महिने पाळली. पिग्मीच्या व्याजात काही खात्यांवर एक रुपयाचा फरक येई, काहींवर नाही. आठवडाभर कारण सापडेना. शेवटी निघालं असं: व्हिज्युअल बेसिकचा राउंड बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो. १२.५० चे १२ होतात, १३.५० चे १४. डेटाबेसचा राउंड दोन्ही वर ढकलतो, १३ आणि १४. कोणतं बरोबर? माझ्या एका सहकाऱ्याने नव्या पद्धतीची बाजू घेतली, ती शाळेत शिकवलेल्या पद्धतीसारखी होती म्हणून. पण संस्था दहा वर्षं जुन्या पद्धतीने व्याज देत होती, ताळेबंद तसे तपासले गेले होते, पासबुकं तशी छापली होती. संचालक मंडळ बदल मंजूर करेपर्यंत जुनं सॉफ्टवेअर जे करतं तेच बरोबर. मायकेल फेदर्स यांनी २००४ मध्ये जुन्या कोडवर लिहिलेल्या पुस्तकात हाच आग्रह आहे: आधी ते आज काय करतं याची चाचणी लिहून ठेवा, मग हात लावा.

खोली आहे तशी उचलून वेबवर ठेवण्याचे प्रयत्न खूप झाले. ओरॅकल फॉर्म्स जावा ॲपलेटच्या रूपाने ब्राउझरमध्ये आलं. नव्वदच्या दशकातल्या स्क्रीन जशाच्या तशा. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावा प्लगइनचं दार लावलं. ॲक्टिव्हएक्सवर बांधलेली पानं फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालत. तो १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. ज्यांनी २००२ च्या सुमाराला हा जवळचा रस्ता घेतला त्यांना वीस वर्षांत तेच काम दुसऱ्यांदा करावं लागलं. टर्मिनल सर्व्हरवर जुना प्रोग्रॅम चालवून त्याचं चित्र तेवढं शाखांना पाठवायचं, हा मार्ग मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. तो वेळ मिळवून देतो आणि वेळच मिळवून देतोय हे लपवत नाही.

उलट टोकाला सगळं पाडून नव्याने बांधायचा मोह. नेटस्केपची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आली. मग त्यांनी ब्राउझर पहिल्यापासून लिहायला घेतला, पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही आणि सहावी उगवली ती नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर बाजार हातचा गेला होता. जोएल स्पोल्स्की यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये यावर लिहिलेला लेख आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने वाचला आहे. एका झटक्यात सगळी खाती उचलून नेण्याचा प्रकार ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये केला. सुमारे बावन्न लाख ग्राहकांच्या नोंदी एका शनिवार-रविवारात हलवल्या, त्यानंतर अनेकांना आठवडेच्या आठवडे आपलं खातं उघडता येईना, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

मधला मार्ग मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये एका झाडाच्या नावाने मांडला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या अरण्यात त्यांनी दुसऱ्या झाडाच्या शेंड्यात रुजून, मुळं खाली सोडून, त्याला हळूहळू वेढणारी झाडं पाहिली होती. आपल्याला ते शिकवावं लागत नाही. पाखराने टाकलेलं बी ताडाच्या बेचक्यात रुजतं, पारंब्या जमिनीला टेकतात, आणि काही वर्षांनी वडाच्या पोटातून ताडाचा शेंडा तेवढा डोकावत राहतो. तसं नवं सॉफ्टवेअर जुन्याच्या अंगावर वाढवायचं. एकच काम नव्यात घ्यायचं, ते स्थिरावलं की पुढचं, आणि दोन्ही एकाच डेटाबेसवर चालू ठेवायची. कुठून सुरुवात करावी यावर मात्र लेखकांचं आणि माझं पटत नाही. ते म्हणतात, सर्वांत जोखमीचं काम आधी घ्यावं, म्हणजे धोके लवकर कळतात. मी अहवालांपासून सुरुवात करते. अहवाल काही बदलत नाही, फक्त वाचतो. तो चुकला तर कुणाचे पैसे जात नाहीत, आणि तो बरोबर यायला डेटा पूर्ण समजावा लागतो. एका संस्थेत जामीनदारांची यादी काढताना आम्हाला कळलं की 'फॅक्स क्रमांक' या रकान्यात वर्षानुवर्षं जामीनदाराचा सभासद क्रमांक भरला जातोय, कारण आम्ही त्यासाठी रकानाच दिला नव्हता. व्याजाला आधी हात घातला असता तर हे कधी कळलं असतं? वाचकांनी दोन्ही बाजू पाहून ठरवावं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण जुना सर्व्हर बंद करण्याबद्दल आहे. माझ्या वाट्याला असे दिवस बरेच आले. त्यातला एक सांगून थांबते.

तालुक्याच्या गावातली शाखा होती. समांतर चालवणं संपलं होतं, तीन आठवडे एक पैशाचाही फरक आला नव्हता. संध्याकाळी व्यवस्थापकांनी जुन्या सॉफ्टवेअरमधला शेवटचा डे-एंड केला, आम्ही सर्व्हर बंद केला, कुणीतरी पेढे आणले. सगळे निघाले तरी शाखेतले शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणत, डब्याची पिशवी घेऊन दाराशी घुटमळत होते.

"मॅडम, आजची सीडी?"

कसली सीडी, मी विचारलं. तेव्हा कळलं की रोज रात्री बॅकअपची सीडी मामा डब्याच्या पिशवीतून घरी नेत आणि सकाळी परत आणत. अकरा वर्षांपूर्वीच्या एका व्यवस्थापकांनी सांगितलं होतं, शाखेला आग लागली, पाणी शिरलं तर एक प्रत बाहेर असावी. ते व्यवस्थापक कधीच बदलून गेले होते. त्यानंतर आलेल्यांपैकी कुणालाही हे माहीत नव्हतं. आमच्या कुठल्याच कागदात ते नव्हतं.

मी मामांना पेढा दिला आणि पुण्याला फोन लावला. नव्या व्यवस्थेत बॅकअप कुठे जातो ते विचारलं. डेटा सेंटरमध्येच, सर्व्हरच्या वरच्या खणातल्या डिस्कवर, असं उत्तर आलं. दुसऱ्या शहरात प्रत पाठवायची सोय होईपर्यंत पुढचे नऊ दिवस आम्ही रोज रात्री सीडी काढली, आणि मामा ती घरी नेत राहिले.